अगदी जवळच्यांच्या उपस्थितीत

स्टॉकहोम, १७ जानेवारी

इंगेला,

निधनवार्ता वाचली. पान एकवीस, उजवीकडून दुसरा स्तंभ. वर क्रूसाऐवजी जहाजाचं चित्र घेतलंस ते बरं केलंस. बाबांना क्रूस चालला नसता. खाली तुझं नाव, येर्केरचं, दोन्ही मुलींची, आणि मग "इतर नातेवाईक व मित्र". त्या इतरांत मी आहे असं धरून चालते.

ते गेल्याचं मला आठ दिवसांपूर्वीच कळलं होतं. कोणी कळवलं ते सांगत नाही, पण तुझ्या घरात तुझ्याखेरीज एकच मोठं माणूस आहे. त्याला रागावू नकोस. निरोप आला तेव्हा मी रेडिओवर श्रोत्यांच्या शिष्टाचाराच्या प्रश्नांना उत्तरं देत होते. एका बाईंचा प्रश्न होता, कोणाच्या घरी मृत्यू झाला तर मोबाइलवरून हृदयाचं चित्र पाठवलेलं चालतं का. मी म्हटलं, चालत नाही, दोन ओळी हाताने लिहाव्यात. बाहेर येऊन फोन पाहिला. येर्केरने लिहिलं होतं, "एव्हेर्त पहाटे गेला. हृदय. त्रास झाला नाही." शेवटी एक लाल हृदय होतं. मला ते अजिबात खटकलं नाही. पुढे कधी हा प्रश्न आला तर उत्तर बदलावं लागेल.

आता मुद्दा. शेवटच्या ओळीत तू लिहिलं आहेस, "अंत्यविधी ६ फेब्रुवारीला, अगदी जवळच्यांच्या उपस्थितीत होईल." वेळ दिलेली नाही, ती बोलावलेल्यांनाच कळणार. मला कोणी बोलावलेलं नाही.

मला यायचं आहे. आपण तीन वर्षं बोललेलो नाही, तेव्हा आडून लिहिण्यात अर्थ नाही. मी मागच्या बाकावर बसेन. नंतरच्या कॉफीला थांबणार नाही, त्यामुळे सँडविचच्या केकची मोजणी बदलायला नको. फक्त वेळ कळव. आणि "ये" असं एकदा म्हण. फोनवर, चिठ्ठीत, कसंही.

तूवा


स्टॉकहोम, २३ जानेवारी

इंगेला,

तुझं पाकीट मिळालं. आत पत्र नव्हतं, माझ्याच सदराचं कात्रण होतं. पट्टी धरून तू चार वाक्यांखाली रेघ मारली आहेस: "निधनवार्तेत 'अगदी जवळच्यांच्या उपस्थितीत' असं लिहिलेलं असेल आणि तुम्हाला कोणी कळवलं नसेल, तर तुम्ही जवळचे नाही. हे कडू आहे, पण स्पष्ट आहे. जाऊ नका. फुलं पाठवा."

दोन वर्षांपूर्वीचं आहे. व्हेस्टेरोसच्या एका बाईंनी विचारलं होतं. त्यांचं आणि त्यांच्या भावाचं जमत नव्हतं. उत्तर लिहायला मला बारा मिनिटं लागली. त्याच बैठकीत मी जेवायला जाताना कुत्रा बरोबर न्यावा का, याचंही उत्तर लिहिलं. त्या बाई गेल्या की नाही ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

गेले दोन दिवस मी त्या चार वाक्यांत पळवाट शोधते आहे. नाही सापडली. एखादं "शक्यतो" नाही, "सहसा" नाही. माझी वाक्यं लोकांना यासाठीच आवडतात. शाळांत वाचून दाखवतात म्हणे.

बाहेरून हे काम कसं दिसत असेल मला ठाऊक नाही, म्हणून सांगते. आठवड्याला एकशेचाळीस पत्रं येतात. जेवताना फोन पालथा ठेवला तर चालतो का? पार्टीला गेल्यावर बूट काढायचे, पण मोज्याला भोक असेल तर? ऑफिसात कॅमेऱ्यावर बैठक असताना खावं का? मी उत्तरं देते. सहा वर्षं देते आहे. या सहा वर्षांत मला लोकांनी घरी जेवायला तीनदा बोलावलं, आणि तिन्ही वेळा यजमानीणबाई काटे-चमचे मांडताना माझ्याकडे बघत होत्या. बसमध्ये कोपर लागलं तर लोक जरुरीपेक्षा जास्त वेळ माफी मागतात. आमच्या इमारतीच्या कपडे धुण्याच्या सामाईक खोलीत माझी ठरलेली वेळ संपून आठ मिनिटं झाली होती आणि यंत्र अजून फिरत होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाने घड्याळासकट फोटो काढून गावभर केला. "बाईंना स्वतःचे नियम लागू नाहीत काय?" ते मी अजून ऐकते आहे. त्यानंतर मी पहाटे सहाची वेळ घेते आणि खुर्ची घेऊन यंत्रासमोर बसते.

तेव्हा मी न बोलावता आपल्या गावी, हॅर्नेसांदला, आले तर काय होईल हे मला कळतं. कोणीतरी बघेल. पण मी येत नाहीये ती त्या भीतीने नाही. नियम बरोबर आहे म्हणून येत नाहीये. कोणाला जवळ धरायचं ते जो माणूस शेवटपर्यंत तिथे होता त्याने ठरवायचं. तिथे तू होतीस.

तरीही "ये" म्हण.

त्या पहिल्या लेखाबद्दल एकदा सरळ लिहायला हवं. गाडीतल्या माणसाबद्दलचा. मी तेव्हा ध्वनी-सल्लागार कंपनीत होते आणि ध्वनिमापक बॅगेत होता, हे खरं. सुंद्स्व्हालच्या पुढे शांत डब्यात, जिथे फोनवर बोलायचं नसतं, एक म्हातारा फोनचा स्पीकर लावून मुलीशी बोलत होता, हेही खरं. मी मापक गुडघ्यावर ठेवला. तीन मीटरवर एकाहत्तर डेसिबल. तो त्याच्या मूत्राशयाच्या तपासणीचं सांगत होता. पलीकडून तू म्हणत होतीस, "बाबा, हळू बोला ना, लोक ऐकतायत." आणि तो म्हणाला, "ऐकू दे की! त्यांना काय मूत्राशय नाहीत?"

डबा हसला. मी लिहून घेतलं.

त्या वाक्यावर मला सदर मिळालं. मग रेडिओ, मग पुस्तक. ते वाक्य लोक अजून म्हणतात, आणि ते कोणाचं आहे हे त्यांना ठाऊक नाही. हॅर्नेसांदमध्ये मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. टोपीचा रंग बदलला म्हणजे माणूस ओळखू येत नाही असं मला वाटलं होतं. उकडलेल्या अंड्यावर माशाच्या अंड्यांच्या पेस्टची ट्यूब पिळून गाडीत खाणारे आणि तीही शेजाऱ्याला देऊ करणारे आपल्या गावात कितीजण आहेत?

तूवा


स्टॉकहोम, ३० जानेवारी

इंगेला,

येर्केरचा फोन आला होता. तू दुकानात गेली होतीस. संभाषण इथे देते, म्हणजे त्याच्या तोंडी मी काही घातलं असं वाटायला नको.

"वेळ अकराची," तो म्हणाला.

"म्हणजे मी येऊ?"

"ये म्हणत नाही मी."

"बरं."

"येऊ नको असंही म्हणत नाही. वेळ अकराची, एवढंच सांगतोय. घड्याळाबद्दल बोलतोय मी."

"इंगेला काय म्हणते?"

तो म्हणाला, "ती म्हणते, तूवा येईल आणि सोमवारी ते छापून आणेल."

त्याच दिवशी सकाळी मी ते लिहून दिलं होतं.

हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते. बाबा गेल्याचं फ्रेड्रिकाला, म्हणजे आमच्या पुरवणीच्या संपादिकेला, कळलं. ती माझ्या टेबलाच्या कडेवर येऊन बसली आणि म्हणाली, "अगं, तू लोकांना शोकसभेत कसं वागायचं ते सांगतेस, आणि आता तुझीच वेळ आलीय. हे लिहायलाच हवं. लोक वाट बघतायत, त्यांना अजून कळलं नाहीये एवढंच." मी नाही म्हटलं. मग घरी जाऊन लिहिलं. कारण मला वाटलं, छापून माफी मागितली तर तू वाचशील. माझी पत्रं तू वाचतेस की नाही मला माहीत नाही, सदर मात्र वाचतेस. कात्रण आहे तुझ्याकडे.

त्यात मी सगळं कबूल केलं आहे. तो म्हातारा माझा बाप होता, माझ्याच नव्या घरात फळ्या बसवायला येत होता, त्याच्या पिशवीत ड्रिल होतं. तिकिटं वेगवेगळी काढल्यामुळे आम्ही लांब बसलो होतो, आणि मी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही.

एक गोष्ट मात्र त्या लेखात नाही. ती इथे लिहिते.

तीन वर्षांपूर्वी तू त्यांना कान तपासायला नेलंस आणि मला शेवटचा निरोप पाठवलास: "त्यांना ऐकूच येत नव्हतं. तुझं शिक्षण त्यातलंच, तुला कळायला हवं होतं." मी उत्तर दिलं, "मला कल्पना नव्हती." ते खोटं होतं.

पंचवीस वर्षं बर्फ फोडणाऱ्या जहाजाच्या इंजिनखोलीत काम केलेल्या माणसाचे कान कसे असतात हे मी पहिल्या वर्षाला शिकले. त्या डब्यात तिकीट तपासनीसाने त्यांना मागून दोनदा हाक मारली. ते वळले नाहीत. तिसऱ्यांदा तो पुढे येऊन उभा राहिला तेव्हा हसून तिकीट दिलं. मी पाहिलं. काय आहे ते मला त्याच क्षणी कळलं, आकड्यांसकट. आणि लिहायला बसल्यावर मी ते बाहेर ठेवलं. बहिरा माणूस मोठ्याने बोलला, याचं सदर होत नाही. उद्धट माणूस मोठ्याने बोलला, याचं होतं.

छापून आल्यावर ते एकच बोलले. "छान लिहिलंयस. टोपी मात्र लाल नाही, तपकिरी आहे." त्यानंतर मला त्यांनी कधी फोन केला नाही. निरोप लिहायचे. छोटे, अगदी व्यवस्थित, पूर्णविरामासकट. मी समजत होते ते रागावलेत. आता वाटतं, मला त्रास होऊ नये म्हणून ते आवाज करत नव्हते.

लेख शुक्रवारी येणार आहे. सहा तारखेला. पहिल्या पानावर जागा धरली आहे.

तूवा


स्टॉकहोम, ४ फेब्रुवारी

इंगेला,

लेख येणार नाही.

काल छापण्यापूर्वीची प्रत वाचायला मिळाली. वाचता वाचता मी मूत्राशयाच्या वाक्यापाशी पोचले आणि हसले. मी, ते लिहिणारी. माफीच्या लेखातही ते वाक्य बरोबर जागेवर बसवलेलं होतं, आधी थोडी शांतता, मग ते. म्हणजे मी त्यांना पुन्हा त्या डब्यात बसवून डबाभर लोकांना हसवत होते, फक्त या वेळी शेवटी रडवतही होते.

फ्रेड्रिकाकडे गेले.

"तो परत दे."

"काय?"

"लेख. छापू नकोस."

"तूवा, वेडी आहेस का? वर्षभरातलं सगळ्यात चांगलं आहे हे. मी रडले. लिफ्टमध्ये, अगं! त्या जाहिरातवाल्याच्या समोर!"

"म्हणूनच."

वाईट नाही ती. म्हणाली, "पहिलं पान रिकामं सोडता येत नाही मला. वरच्यांना काय सांगू?" आणि मग, "मे महिन्यात तुझा करार संपतोय. तू जाणार असल्याची कुजबुज आहे इथे. खरंय?"

खरं होतं. शाळांच्या भोजनगृहांतला गोंगाट मोजायचं आणि छताला काय लावलं की तो कमी होईल ते सांगायचं काम मला मिळालं होतं. तोंडी होकार दिला होता. मुलं, ताटं, मापक. कोणाला कसं वागावं ते सांगायचं नाही. छताला सांगायचं.

"दोन वर्षं वाढव," ती म्हणाली. "मग वरच्यांना सांगते, तूवा राहतेय, हा एक लेख सोडा."

मी सही केली. भोजनगृहवाल्यांना दुपारी नकार कळवला. ते फार सभ्यपणे बोलले.

हे मी तुझ्यावर उपकार म्हणून सांगत नाही. शुक्रवारी पहिल्या पानावर माझ्या नावाने पुष्पगुच्छाचा कागद दारात काढावा की आत जाऊन, यावर काहीतरी येईल. ते बघून मी बेफिकीर आहे असं तुला वाटू नये, इतकंच.

आणि मी येणार आहे. तू बोलावलेलं नाहीस, नियम मला पाठ आहे आणि तो चुकीचा आहे असं मी अजूनही सिद्ध करू शकत नाही. तरी येणार आहे. सकाळची गाडी पावणेअकराला पोचते. दारात तू "जा" म्हणालीस तर मी जाईन. कोणाला दिसणार नाही असं जाईन.

तूवा


स्टॉकहोम, १० फेब्रुवारी

इंगेला,

शुक्रवारबद्दल आभार.

कोणाकडे गेलं की आठवड्याच्या आत आभार मानायचे, हे आपल्याकडे पाळण्यात शिकवतात. अंत्यविधीनंतरही मानायचे का, असं लोक मला विचारतात आणि मी नाही म्हणून सांगते. ते असो.

तुला पुढच्या बाकावरून न दिसलेलं सांगते. दारात कोणी "जा" म्हटलं नाही, तेव्हा मी शेवटच्या बाकावर बसले. शेजारी जहाजावरचे एक गृहस्थ होते, लाकडी काठी, कोटाला बिल्ला. मला ओळखत नव्हते. पाद्री उठायच्या आधी ते माझ्याकडे वाकले आणि त्यांना वाटत होतं की कुजबुजतायत.

"तू एव्हेर्तची कोण?"

"धाकटी," मी हळूच म्हटलं.

"काय?"

"धाकटी मुलगी."

"ऐकू येत नाही मला, पोरी. इंजिन!" त्यांनी कानाकडे बोट दाखवलं.

सगळं चर्च ऐकत होतं. मी सहा वर्षं लोकांना सांगते आहे की अशा वेळी मान हलवून हसावं आणि बोलणं बाहेर पडेपर्यंत राखून ठेवावं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडले, "मी त्यांची धाकटी मुलगी आहे!"

ते छताला लागून परत आलं. किती डेसिबल ते मला माहीत नाही. तुम्ही सगळे वळलात. तू वळलीस. गृहस्थ म्हणाले, "मग इथे मागे काय करतेयस?" आणि काठीने मला ढोसलं. अक्षरशः ढोसलं, बरगडीत.

मी उठले नाही, हे तू पाहिलंस. तेवढं धैर्य नव्हतं. शवपेटीवर फूल ठेवायला आधी तुम्ही गेलात, मग शेजारी, मग त्यांचा दंतवैद्य, मग जहाजवाले. मी सगळ्यांत शेवटी. काय बोलले ते सांगणार नाही. दोन ओळी होत्या.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने लिहून ठेवते. मी बाहेर कोट घालत होते. तू सभागृहाच्या दारात आलीस.

"खुर्च्या मोजून सत्तावीस आहेत," तू म्हणालीस.

"माहीत आहे. मी निघतेच आहे."

"निघतेस काय? कप कोण विसळणार? माझ्या मुली?"

म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. हॉलमध्ये लोक बाबांच्या आठवणी सांगत होते, हसत होते, आणि मी दाराआड उभी राहून कप विसळत होते. मला वाटलं होतं, ही शिक्षा आहे. मग येर्केर उरलेला केक घेऊन आत आला, एक तुकडा माझ्या तोंडात कोंबला कारण माझे हात ओले होते, आणि म्हणाला, "बाहेर पाहुणे आहेत ना. घरचे इथेच असतात." तो बोलतो तेव्हा बरोबर बोलतो. फार कमी बोलतो हे चांगलंच आहे, नाहीतर माझं काम गेलं असतं.

शेवटी तू आलीस. फडकं घेतलंस आणि पुसायला लागलीस. मी विसळत होते, तू पुसत होतीस. साधारण अकरा कप आपण काहीच बोललो नाही. तू म्हणालीस, "उलटे ठेव, पाणी राहतं," एवढंच. माझी पत्रं वाचलीस का, हे मी विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस. त्या दिवशीचा पेपर तिथे खिडकीत पडला होता, माझ्या फुलांच्या लेखासकट, आणि तू त्याच्यावर ओला ट्रे ठेवलास.

मग मी विचारलं. नळ बंद करून, तुझ्याकडे न बघता. दहन झाल्यावर, मे महिन्यात बर्फ वितळून जमीन मऊ झाली की अस्थिकलश पुरायचा असेल. तेव्हा निधनवार्ता नसते, पत्रिका नसते, पाद्रीही बहुतेक नसतो. घरचे जमतात, दहा मिनिटं. मी म्हटलं, "मेमध्ये मला कळवशील?"

तू पटकन श्वास आत ओढलास. आपल्या उत्तरेकडचं "हो". बाबा तसंच म्हणायचे. स्टॉकहोममध्ये पंधरा वर्षांत ते मला कोणी म्हटलेलं नाही. इथल्या लोकांना वाटतं माणूस दचकला.

परतीच्या गाडीत मी डबा कोणता ते पाहिलं नव्हतं. समोरच्या बाईंनी मला ओळखलं आणि लगेच फोन बंद केला. मी त्यांना म्हटलं, बोला तुम्ही. त्या नाही बोलल्या. गॅव्हलेपर्यंत ताठ बसून होत्या. हे आणखी दोन वर्षं चालेल.

तारीख ठरली की कळव. कोणताही वार चालेल.

तूवा